बडोद्याहून बालीला निघताना: खिसा कुठे कुठे सांभाळायचा

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, एखादं तरी कुटुंब बालीला निघालेलं असतं. निघण्याआधी सगळे जेवणाचं विचारतात, व्हिसाचं विचारतात, स्वेटर लागेल का तेही विचारतात. (लागत नाही. बेट विषुववृत्ताच्या जरा खाली आहे, वर्षभर उकाडाच.) पैसे कुठे आणि कसे बदलायचे हे मात्र कोणी विचारत नाही, आणि पाहुणा सगळ्यात सहज नागवला जातो तो तिथेच.

बाली घाबरण्यासारखी जागा नाही. फसवणूक होते ती हसून, थोड्या थोड्या रकमेची आणि बहुतेक वेळा भाव आधी ठरलेला नसतो तिथे. मंगळ बाजारात ओढणीसाठी वीस रुपयांवर अर्धा तास घासाघीस करणारी आपली मंडळी परदेशात गेली की संकोचून विचारायचंच थांबतात. तो संकोच बडोद्यातच ठेवून जा.

1. एजंटकडून सगळं लिहून घ्या

पहिली फट इथेच असते. अलकापुरीतला असो की रावपुऱ्यातला, एजंट म्हणतो, "बधुं इन्क्लुडेड छे." त्यावर मान डोलावू नका. कागदावर विचारा:

- व्हिसाची फी धरली आहे का? बालीचा पर्यटक कर?
- देवळांची आणि प्रेक्षणीय स्थळांची प्रवेश तिकिटं कोण काढणार?
- "वॉटर स्पोर्ट्स" म्हणजे नेमके कोणते खेळ, किती वेळ?
- जवळच्या नुसा पेनिडा बेटाची बोट आहे म्हणता, मग तिथे उतरल्यावर बेटावर फिरायची गाडी आहे का?
- हॉटेलचं नाव काय? "अमुक किंवा तत्सम" असं लिहिलं असेल तर "तत्सम" कोणतं, तेही नावानिशी हवं. नकाशावर बघा. "कुटा" या किनाऱ्यावरचं म्हणून विकलेलं हॉटेल समुद्रापासून चांगलंच आत निघू शकतं.

परदेशी पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर) कापला जातो, तो तुमच्या पॅनवर जमा व्हायला हवा. काही महिन्यांनी आयकर विभागाच्या साइटवर तुमच्या नावे जमा कराचं पत्रक उघडून तो दिसतो का ते बघा. दिसला तर रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. दिसत नसेल, तर एजंटने तुमच्याकडून घेतलेले पैसे अजून पुढे गेलेले नाहीत.

तारखांचाही एक सापळा आहे. बालीत न्येपी नावाचा मौनाचा दिवस असतो. त्या दिवशी विमानतळ 24 तास बंद, रस्ते बंद, दुकानं बंद, पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. गंमत म्हणजे ते त्यांचं शक वर्षाचं पहिलं पान. आपलाच शक. 2026 साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा दोन्ही 19 मार्चलाच, आणि दोघांचंही शक 1948. दर वर्षी तारखा अशा जुळत नाहीत, कधी महिनाभराचंही अंतर पडतं, पण मार्चमधलं स्वस्त पॅकेज समोर आलं की आधी न्येपीची तारीख बघा. चार रात्रींतला एक दिवस खोलीत बसून काढायचा असेल तर तो माहीत असून काढावा. मला स्वतःला तो दिवस बघायला आवडेल, पण लहान मुलं बरोबर असतील तर नकोच.

2. सरकारी साइट ओळखायला शिका

भारतीय पासपोर्टवर बालीत उतरल्यावर व्हिसा मिळतो. फी 5,00,000 रुपिया (इंडोनेशियाचं चलन), मुदत 30 दिवस, आणि एकदा आणखी 30 दिवस वाढवता येतो. हाच व्हिसा आधी ऑनलाइनही काढता येतो. पर्यटक कर वेगळा, माणशी 1,50,000 रुपिया, 14 फेब्रुवारी 2024 पासून सुरू झालेला. तो "लव्ह बाली" या सरकारी साइटवर भरायचा. आणि पोचण्याआधीच्या तीन दिवसांत "ऑल इंडोनेशिया" हा आगमनाचा अर्ज भरायचा, तो फुकट आहे.

या तिन्ही गोष्टींच्या नकली किंवा मधल्या दलालांच्या साइट आहेत. गूगलवर शोधलं की सगळ्यात वर अनेकदा जाहिराती येतात आणि तिथे फुकटच्या अर्जाचेही पैसे मागतात. खूण सोपी आहे: इंडोनेशियाच्या सरकारी साइटचा पत्ता "डॉट गो डॉट आयडी" असा संपतो. शेवटी "डॉट कॉम" किंवा "डॉट ऑर्ग" असेल तर कार्डाचा नंबर टाकू नका. वर राजमुद्रा छापली आहे म्हणून भुलू नका, चित्र कोणीही चिकटवतं.

मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दंड दिवसाला 10 लाख रुपिया. परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर दिवस बोटांवर मोजून घ्या. उतरलात तो दिवसही धरला जातो.

3. पिशवीत काय हवं

- पासपोर्ट: पोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध, पानं फाटलेली किंवा भिजलेली नकोत. फाटका पासपोर्ट म्हणजे अडवायला निमित्त.
- परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, व्हिसा आणि पर्यटक कराची पावती, सगळं छापील. मोबाइलची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते.
- पासपोर्टच्या दोन झेरॉक्स. एक खोलीत, एक अंगावर.
- प्रवास विमा. स्कूटर चालवणार असाल तर त्याची अट वाचून.
- डॉलरच्या नव्या, कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा. जुन्या किंवा डाग पडलेल्या नोटेला तिथे कमी भाव देतात, नाहीतर सरळ परत करतात. रोख विदेशी चलन एका प्रवासाला माणशी 3,000 डॉलरपर्यंत नेता येतं, एवढं लागत नाही.
- एक साधं सुती उपरणं आणि कमरेला गुंडाळायला पातळ कापड. देवळांत उपयोगी पडतं.

यूपीआयच्या भरवशावर निघू नका.

4. शून्यांची सवय विमानातच करून घ्या

इंडोनेशियाच्या नोटेवर शून्यं इतकी की पहिल्या दिवशी हिशेबच लागत नाही, आणि समोरच्याला ते माहीत असतं. ढोबळ हिशेब असा: हजार रुपियाला साधारण साडेपाच रुपये. म्हणजे लाखाची नोट साडेपाचशेची. निघण्याच्या आदल्या दिवशी ताजा दर बघून आकडा दुरुस्त करा, पण एक आकडा डोक्यात पक्का ठेवा.

नोटांचे रंगही बघून ठेवा. 1,00,000 ची लालसर, 50,000 ची निळी, 20,000 ची हिरवी, 10,000 ची जांभळी. संध्याकाळच्या अंधुक उजेडात लाल आणि जांभळीत गल्लत होते. पाकिटात लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, हा एवढा उपाय पुरतो. फलकावर "50के" दिसलं तर ते पन्नास हजार. विक्रेता तोंडाने नुसतं "फिफ्टी" म्हणतो. पन्नास काय, ते आधी विचारून घ्या. नाहीतर माळ गळ्यात घातल्यावर तो डॉलर म्हणतो.

5. पैसे बदलताना

ही पायरी सगळ्यात सावकाश वाचा.

कुटा, लेगियन, सेमिन्याक, उबुद, सगळीकडे गल्लीबोळात पैसे बदलून देणारी दुकानं आहेत. काही चोख आहेत. काही म्हणजे सारोंग आणि फ्रिज मॅग्नेटच्या दुकानात मागे ठेवलेलं एक टेबल. बाहेरच्या पाटीवर दर असा असतो की तो बघूनच आपले पाय वळतात. बाजारात डॉलरला जो दर चालू आहे त्याहून जास्त कोणी का देईल? पाटीवरचा दर बँकेच्या दराहूनही चढा दिसला की आत जाऊ नका. तो दर तुम्हाला कधीच मिळणार नसतो.

आत गेल्यावर काय होतं ते सांगते. 100 डॉलरचे सोळा लाखांहून जास्त रुपिया होतात. चोख दुकानदार लाखाच्या सोळा नोटा आणि वरची मोड देईल. हा मात्र वीस हजारांच्या नोटा काढतो. आता ऐंशीच्या वर नोटा मोजायच्या. तो टेबलावर छोटे छोटे गठ्ठे लावतो, तुमच्यासमोर मोजतो, बरोबर असतात. तुम्हीही मोजता, बरोबर असतात. मग "एकदा सरळ करून देतो" म्हणत तो गठ्ठे गोळा करतो, टेबलाच्या कडेवर ठोकून एकसारखे करतो आणि तेवढ्यात मागच्या काही नोटा त्याच्या मांडीवर किंवा खणात पडतात. तुमच्या हातात गठ्ठा येतो तेव्हा तो दोनदा मोजलेला असतो, म्हणून तुम्ही पुन्हा मोजत नाही. त्याच वेळी दुसरा कोणीतरी विचारतो, "इंडिया? शाहरुख खान?" आणि आपण खूश होऊन मान वर करतो.

आणखी दोन प्रकार आहेत. एक म्हणजे दुकानातला कॅल्क्युलेटर बिघडवलेला असतो, गुणाकारच कमी दाखवतो. दुसरा म्हणजे शेवटच्या क्षणी काढलेलं कमिशन, जे पाटीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

म्हणून असं करा:

- अधिकृत दुकान शोधा. बँक इंडोनेशियाचा (म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा) परवाना असलेल्याकडे "पीव्हीए बेरिझिन" असं लिहिलेलं चिन्ह असतं. दुकान काचेचं, उजेडाचं, खिडकी असलेलं, आणि पावती देणारं हवं. सेंट्रल कुटा आणि बीएमसी ही तिथली जुनी, वापरात असलेली नावं.
- हिशेब आपल्या मोबाइलवर, आधी करा. "कमिशन आहे का" हे तोंडाने विचारा.
- लाखाच्या नोटा मागा. नाही म्हणाला तर उठा.
- आपले डॉलर आपल्याच हाताखाली ठेवा, त्याचे रुपिया पूर्ण मोजून होईपर्यंत सोडू नका.
- शेवटचं मोजणं तुमचं. तुम्ही मोजल्यावर त्याने नोटांना बोट जरी लावलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजा. तो चिडला तर चिडू दे.
- दोघांनी जा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने कोणाशीही न बोलता फक्त नोटांकडे बघायचं. हे काम आमच्याकडे सासूबाईंना देतात, त्यांच्यासमोर कोणाची हिंमत होत नाही.

6. एटीएम आणि कार्ड

रस्त्यावरच्या एकाकी डब्यापेक्षा बँकेच्या आवारातलं यंत्र बरं. कार्ड घालायच्या खाचेला हात लावून बघा, हलत असेल तर दुसरीकडे जा. पिन टाकताना हात आड धरा. तिथल्या अनेक यंत्रांत पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर. पैसे हातात आले की वळायची आपली सवय असते आणि कार्ड आतच राहतं.

पडद्यावर किंवा दुकानाच्या मशीनवर "रुपयांत घेऊ की रुपियांत" असं विचारलं तर रुपियाच निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात वाईट दर धरलेला असतो.

7. विमानतळावरून बाहेर

बालीच्या न्गुराह राय विमानतळाच्या दारात "टॅक्सी, बॉस" म्हणत माणसं अंगावर येतात. कोणी सामानाच्या गाडीला हात लावू लागला तर लगेच "नो" म्हणा, नाहीतर वीस पावलांची हमाली द्यावी लागते. पर्याय तीन: हॉटेलकडून आधी ठरवलेली गाडी, विमानतळाच्या अधिकृत काउंटरची टॅक्सी, किंवा ग्रॅब, गोजेक यांसारखं ॲप. ॲपचं भाडं निदान आधी उघडून बघा, म्हणजे दारातला माणूस किती पट सांगतो ते कळेल. टोल आणि पार्किंग भाड्यात आहे का, हे बसण्याआधी विचारा.

रस्त्यावर मीटरची टॅक्सी हवी असेल तर ब्लूबर्ड. पण निळ्या रंगाच्या आणि पक्ष्याचं चित्र काढलेल्या दुसऱ्याही टॅक्सी फिरतात, म्हणून छतावरचं आणि काचेवरचं नाव अक्षर लावून वाचा, किंवा त्यांच्या ॲपवरूनच बोलवा. मीटरला तिथे आर्गो म्हणतात. "मीटर बिघडलाय" असं ऐकलं की दार उघडून उतरायचं.

उबुदच्या आसपास आणि काही किनाऱ्यांवर स्थानिक चालकांनी ॲपच्या गाड्यांना प्रवासी घ्यायची बंदी केलेली आहे, तसे फलकही दिसतात. ॲपची गाडी तुम्हाला सोडते, पण घ्यायला येत नाही, आणि मग परतीला तिथला माणूस सांगेल तो भाव. अशा ठिकाणी जायचं तर दिवसभरासाठी चालकासकट गाडी ठरवा. दहा तासांचे साधारण 6 ते 8 लाख रुपिया होतात. पेट्रोल धरून की सोडून, ते लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल.

8. स्कूटर

माझं मत स्पष्ट आहे: मुलंबाळं बरोबर असतील तर घेऊ नका. घ्यायचीच असेल तर दरजीपुऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जा, अर्ज 4-अ, आणि त्यात दुचाकीची नोंद आहे ना ते बघा. ती नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते.

गाडी घेताना मालकासमोर चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आधीचे ओरखडे दाखवत. परत देताना "हा नवा ओरखडा" म्हणून लाखोंची मागणी होते, ती या एका व्हिडिओने थांबते. अनामत म्हणून पासपोर्ट मागतील. देऊ नका, रोख किंवा झेरॉक्स द्या. पासपोर्ट त्याच्याकडे असला की ओरखड्याची किंमत तो ठरवतो.

हेल्मेट घाला. बडोद्यात फतेहगंजपर्यंतच तर जायचंय म्हणून डिकीत ठेवतो, तसं तिथे चालत नाही.

9. देवळं, माकडं, कॉफी आणि आरसा

उलुवातू मंदिरातल्या माकडांवर संशोधन झालेलं आहे. ती चष्मा, मोबाइल, चपला पळवतात आणि खाऊ दिल्यावर परत करतात. अनुभवी माकडं तर माणसाला जास्त मोलाची वस्तू कोणती हे ओळखून ती धरून ठेवतात आणि चांगला खाऊ मिळेपर्यंत सोडत नाहीत. मध्यस्थी करून वस्तू परत मिळवून देणारा माणूसही तिथे असतो आणि त्यालाही काहीतरी द्यावं लागतं. चष्मा दोरीला बांधा, कानातलं काढून ठेवा, मोबाइल बाहेर काढू नका.

अगुंग पर्वतावरचं बेसाकिह हे बालीचं सगळ्यात मोठं मंदिर. तिथे "पूजा चालू आहे, माझ्याशिवाय आत सोडणार नाहीत" असं म्हणणारे लोक वाटेत भेटण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. सरळ तिकीटखिडकीवर जा, तिकिटात काय काय धरलंय ते विचारा, आणि वाटेतल्या कोणालाही पैसे देऊ नका. दानाची वही पुढे केली आणि आधीच्या नावांसमोर मोठमोठे आकडे दिसले तर त्याने दबून जाऊ नका.

लेंपुयांग मंदिराचं ते प्रसिद्ध दार, खाली तळं आणि त्यात प्रतिबिंब? तळं नाही. मोबाइलखाली आरसा धरून तो फोटो काढतात. फोटोसाठी नंबर लागतो आणि कित्येकदा तासन् तास जातात. हौस असेल तर जा, पण तळ्यासाठी जाऊ नका.

कॉफीच्या मळ्यात "फुकट चव" असते, पण लुवाक कॉफीचा (उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची कॉफी) कप वेगळ्या पैशांचा, आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. चालकाला तिथे कमिशन मिळतं. उदमांजरांना पिंजऱ्यात ठेवून ती कॉफी करतात, म्हणून मी तरी घेत नाही. चालकाला सकाळीच सांगा: "नो शॉपिंग, नो कॉफी."

10. समुद्रावर

तांजुंग बेनोआला वॉटर स्पोर्ट्सच्या भावफलकावरचे आकडे मुळात फुगवलेले असतात, म्हणून "सिक्स्टी पर्सेंट ऑफ" ऐकून हुरळू नका. दोन ठिकाणी विचारा, आणि मिनिटं विचारा. जेट स्कीची पंधरा मिनिटं आणि एक फेरी यात फार फरक असतो.

पेनिडाची बोट सानूरहून सुटते. बंदरावर "आजच्या बोटी भरल्या, ही शेवटची" म्हणणाऱ्याकडून घाईत घेऊ नका. परतीची वेळ तिकिटावर छापलेली हवी.

11. खाणं, पिणं, बक्षिसं

मेनूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर कर आणि सेवाशुल्क वेगळं. दोन्ही मिळून बिल वीस टक्क्यांच्या आसपास वाढू शकतं. ही फसवणूक नाही, पण न वाचणाऱ्याला तशीच वाटते.

दारूबंदीच्या राज्यातून गेलेल्या मंडळींसाठी खास: स्वस्त कॉकटेलमध्ये घरगुती अराक (तिथली स्थानिक दारू) असू शकते आणि तिच्यातल्या मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने बालीत माणसं मेलेली आहेत. सीलबंद बाटलीतली बिअर घ्या. रस्त्यावर कुजबुजत "मशरूम, गांजा" विचारणाऱ्याकडे बघूसुद्धा नका, तिथले अमली पदार्थांचे कायदे भयंकर कडक आहेत.

कुट्याच्या रस्त्यावर स्क्रॅच कार्ड देतात आणि तुम्हालाच मोठं बक्षीस लागतं. ते घ्यायला ज्या हॉटेलात नेतात तिथे तासन् तास टाइमशेअर (दर वर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क) विकतात. कार्ड घेऊच नका.

12. तरीही फसलात तर

पैसे कमी मिळाल्याचं दुकानातच लक्षात आलं तर तिथेच उभे राहून शांतपणे पुन्हा मोजा आणि मोबाइल बाहेर काढा. पुष्कळदा "चुकून राहिले" म्हणत उरलेल्या नोटा निघतात. बाहेर पडल्यावर सिद्ध करणं अवघड. पोलिसांचा नंबर 110. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांकडे नोंद, मग देनपसारचा भारतीय वाणिज्य दूतावास. कार्डाचा गैरवापर दिसला तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा, आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी परत आल्यावर 1930 वर तक्रार नोंदवा.

एजंटने कबूल केलेलं दिलं नसेल तर जिथे कमी पडलं तिथूनच, त्याच दिवशी, व्हॉट्सॲपवर फोटोसकट लिहून पाठवा. घरी येऊन फोनवर भांडल्याचा पुरावा राहत नाही. तरीही ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे गुजरातीत बोलता येतं आणि मराठीतही. पहिल्या पायरीवर लिहून घेतलेला कागद तेव्हा हाताशी ठेवा, तपशील त्यातूनच सांगायचे असतात.